स्लिट लॅम्पवर रिंग गेली, ओसीटीवर अजून दिसतेय – विल्सन डिसीजवाले कोणी आहे का इथे?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. लांबलंय जरा, पण सगळं सांगितल्याशिवाय माझा प्रश्न कळणार नाही.

माझ्या धाकट्या भावाला तीन वर्षांपूर्वी विल्सन डिसीज निघाला, आता तो २२ चा आहे. ज्यांनी नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, आपण खातो त्यातलं जादा तांबं लिव्हर पित्तातून बाहेर टाकतं, त्या कामाचं एक जीन असतं एटीपी७बी म्हणून, ते आईकडून पण बिघडलेलं आणि वडिलांकडून पण बिघडलेलं आलं की तांबं बाहेर जात नाही, आधी लिव्हरमध्ये साठतं आणि तिथली जागा भरली की मेंदूत, डोळ्यात वगैरे. साधारण तीस हजारांत एकाला होतो म्हणतात. आमचे आईबाबा आतेमामे भावंडं, आमच्याकडे मामाची मुलगी करायची पद्धतच आहे, त्यामुळे आता सगळे एकमेकांकडे बघतात आणि गप्प बसतात.

सुरुवात अक्षरापासून झाली. बारावीला त्याचं अक्षर बारीक बारीक व्हायला लागलं, सर म्हणाले पेपर वाचता येत नाही. मग हात थरथरायला लागला, चहाचा कप बशीत वाजायचा. बोलणं जड झालं, उशीला लाळ, आणि चिडचिड तर एवढी की बाबांना वाटलं पोरगं कसल्यातरी नादाला लागलंय. एका डॉक्टरांनी टेन्शन आहे म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या त्यात वर्ष गेलं. आत्याने नारळ उतरवून टाकला, तेही करून झालं. शेवटी काय तर चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून डोळ्याच्या डॉक्टरकडे नेला, त्या मॅडमनी स्लिट लॅम्पला (उजेडाच्या बारीक फटीने डोळा बघायचं मशीन) हनुवटी टेकवून बघितलं, खाली बघ म्हणाल्या, वर बघ म्हणाल्या, पापणी बोटाने वर धरली आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग मला आत बोलावून म्हणाल्या याच्या बुबुळाच्या कडेला सोनेरी तपकिरी रिंग आहे, मी चष्मा देत नाही, तुम्ही उद्याच्या उद्या न्यूरोला दाखवा आणि ही दोन नावं लिहून देते त्या टेस्ट करा. सेरुलोप्लाझ्मिन (रक्तातलं तांबं धरून ठेवणारं प्रोटीन) ६ आलं, नॉर्मल २० च्या वर लागतं. एमआरआय मध्ये पण होतं. मॅडमना आम्ही अजून दर दिवाळीला फराळ नेऊन देतो.

पेनिसिलामाइन चालू झालं, म्हणजे तांबं बाहेर काढायच्या गोळ्या, सोबत बी६ जीवनसत्त्व. पहिले दोन महिने तो आणखी बिघडला, तेव्हा आईने गोळ्या फेकूनच दिल्या होत्या, पण डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की काही पेशंटना असं होतं, त्यांनी डोस अगदी हळूहळू वाढवला. आज तो स्वतःची बाईक चालवतो, दुकानात बसतो, अक्षर अजून वाईट आहे पण वाचता येतं.

आता प्रश्न. मागच्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या स्लिट लॅम्पवर रिंग जवळजवळ दिसत नाही, आम्ही पेढे वाटायच्या बेतात. पण त्यांनी शेजारच्या शहरात नवीन मशीन आलंय तिथे डोळ्याच्या पुढच्या भागाचा ओसीटी (एक प्रकारचा स्कॅन) काढून घ्या म्हटलं, एक रेकॉर्ड राहील. तिथल्या रिपोर्टमध्ये वरच्या बाजूला कॉर्नियाच्या आतल्या कडेला चमकदार पट्टा "अजून आहे" असं लिहिलंय. तो रिपोर्ट भावाने वाचला आणि म्हणाला मग तीन वर्षं उपाशीपोटी गोळ्या गिळून उपयोग काय झाला. दोन दिवस गोळ्या घेतल्या नाहीत. मला विचारायचंय की खरं कोणाचं धरायचं, डोळ्यांनी बघणाऱ्या डॉक्टरचं की मशीनचं? आणि हे दर वेळी काढायचं का?

चष्मेवाला_सांगली

ताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारा, डॉक्टर नाही, रोज ही दोन्ही मशिनं वापरतो एवढंच. तुमच्या केसबद्दल मॅडमच सांगतील पण मशीनचं सांगतो.

दोघंही खरं बोलतायत. कॉर्निया म्हणजे डोळ्यासमोरची काच, जाडी अर्धा मिलीमीटरच्या थोडी वर. तिच्या सगळ्यात आतल्या बाजूला डेसिमेट नावाचा पडदा असतो, मोठ्या माणसात साधारण दहा मायक्रॉनचा, म्हणजे मिलीमीटरचा शंभरावा भाग. तांबं बसतं ते त्या पडद्यात. स्लिट लॅम्पमध्ये आपण उजेडाची बारीक फट तिरकी टाकतो आणि रंग बघतो, सोनेरी, हिरवट, तपकिरी जो असेल तो. आता आपल्या लोकांची बुबुळं काळी-तपकिरी, त्यावर तपकिरी रिंग, म्हंजे काळ्या पाटीवर कोळशाने लिहिल्यासारखं. गोऱ्यांच्या निळ्या डोळ्यात ती लांबून पण दिसते. त्यामुळे आपल्याकडे फिकट रिंग डोळ्याला हुकणं अगदी शक्य आहे, त्यात मॅडमची काही चूक नाही.

ओसीटी रंग बघतच नाही. ती उजेडाने केलेली सोनोग्राफी समजा, आवाजाच्या जागी इन्फ्रारेड प्रकाश. प्रकाश कुठल्या थरावरून किती परत आला ते मोजते आणि कॉर्नियाचा उभा काप दाखवते, पाच-सहा पदरी पराठा कापल्यासारखा. तांब्याचे कण असले की डेसिमेटच्या लेव्हलला पांढरा चमकदार पट्टा उमटतो. काही मशिनं त्याला रंग देतात, लाल पिवळा वगैरे, तो रंग खरा नसतो हं, कॉम्प्युटरने भरलेला असतो, पेशंट तो बघून घाबरतात. तर डोळ्याला दिसेनाशी झालेली फिकट रिंग तिथे अजून दिसू शकते. याचा अर्थ वाढली असा नाही. तीन वर्षांपूर्वीचा ओसीटी असता तर तेव्हाचा पट्टा आणि आत्ताचा शेजारी ठेवून बोलता आलं असतं. तेव्हाचा आहे का?

कृष्णाकाठची

नाही ना, तेव्हा फक्त मॅडमनी मोबाईलवर स्लिट लॅम्पच्या भिंगातून फोटो काढून दिला होता. तो आहे माझ्याकडे. त्यात रिंग पूर्ण गोल दिसतेय.

चष्मेवाला_सांगली

मग तो फोटो सोन्यासारखा जपा. पूर्ण गोल होती म्हणता ना? रिंग येते तेव्हा आधी वरच्या बाजूला येते, बारा वाजता, मग खाली सहा वाजता, आणि मग दोन्ही कडांनी जोडली जाते. औषधाने जाताना साधारण उलट्या क्रमाने, आधी बाजूची, शेवटी वरची. तुमच्या रिपोर्टमध्ये फक्त वरच्या बाजूला पट्टा राहिलाय म्हणजे ही जायच्याच वाटेवरची दिसतेय. भावाला हे दाखवा.

आणि एक. नवीन ठिकाणी ओसीटी काढाल तेव्हा उभा स्कॅन घ्यायला सांगायचं, बारा ते सहा. बरेच टेक्निशियन सवयीने आडवाच मारतात, लॅसिकच्या (चष्मा घालवायच्या लेझर ऑपरेशनच्या) पेशंटना तो चालतो, इथे आडव्या कापात सुरुवातीची किंवा शेवटची रिंग येणारच नाही. पापणी बोटाने वर धरून पेशंटला खाली बघायला लावावं लागतं, कॉर्नियाची अगदी कड फ्रेममध्ये यायला हवी. मी स्वतः एकदा आडवा स्कॅन देऊन "काही नाही" लिहिलं होतं, दुसऱ्या दिवशी सरांनी परत बोलावून उभा काढायला लावला. ऐकून घेतलं चांगलंच.

सुशांत_७८

मला एक कळत नाही, साध्या उजेडाच्या मशीनवर जे शंभर वर्षं बघतायत ते आता अचानक पुरेना का झालं. नवीन मशीन आलं की त्याचा हप्ता फेडायला पेशंट लागतात, एवढं साधं आहे. ताई तुमचा भाऊ बरा होतोय, बाईक चालवतोय, मग स्कॅन कशाला? त्या स्कॅननेच त्याने दोन दिवस गोळ्या सोडल्या.

निवृत्त_बालरोग

सुशांत, शंभर वर्षांचा हिशोब थोडा बदला :) कायसरने ही रिंग १९०२ मध्ये आणि फ्लायशरने १९०३ मध्ये लिहून ठेवली, दोघे जर्मन, आणि तेव्हा स्लिट लॅम्प नव्हताच, गुलस्ट्रांडने तो १९११ मध्ये दाखवला. विल्सनने मेंदू आणि लिव्हरचं एकत्र वर्णन केलं १९१२ मध्ये. म्हणजे रोगाला नाव मिळायच्या दहा वर्षं आधी डोळ्याच्या डॉक्टरांना रिंग सापडली होती. तोंडाने घ्यायचं औषध यायला १९५६ उजाडलं, वॉल्श यांनी पेनिसिलामाइन वापरलं ते. त्याआधी निदान म्हणजे बहुधा फक्त नाव कळायचं. ओसीटी १९९१ चा, डोळ्याच्या पुढच्या भागासाठी १९९४. तेव्हा नवीन वगैरे काही नाही, आपल्या तालुक्यात आत्ता आलाय.

पण तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे. आजही निदानासाठी स्लिट लॅम्प आणि अनुभवी डोळा हेच मुख्य. जिथे शंका असते तिथे गोनिओस्कोपी करतात, सुन्न करायचा थेंब टाकून डोळ्यावर भिंग ठेवून कॉर्नियाची कड आतून बघतात, अगदी लवकरची रिंग तिथे सापडते. ओसीटीचा फायदा असा की स्पर्श नाही, थेंब नाही, दोन मिनिटांचं काम. माझ्याकडे अशी मुलं यायची की मान स्थिर राहत नाही, डोळे गच्च मिटतात, हनुवटी टेकवली की तोंड वाकडं होतं. त्यांना स्लिट लॅम्पवर धरायला आई, मावशी आणि कंपाउंडर असे तिघं लागायचे. अशा मुलात क्षणभर डोळा उघडला तेवढ्यात स्कॅन मिळाला तर मिळाला.

हैदराबादच्या काही डॉक्टरांनी २०१७ मध्ये इंडियन जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजीत ओसीटीवरच्या या पट्ट्यावर लिहिलं आहे. आपल्याकडच्याच काळ्या डोळ्यांवरचं काम, म्हणून मुद्दाम सांगतो.

आणि इथे वाचणाऱ्या इतरांसाठी, डोळ्यात रिंग नाही म्हणजे विल्सन नाही असं समजू नका. मेंदूची लक्षणं आलेल्या जवळजवळ सगळ्यांत रिंग असते, पण नुसत्या लिव्हरवाल्यात साधारण निम्म्यांत, लहान मुलांत तर आणखी कमी. उलटही, पित्त तुंबण्याच्या दुसऱ्या काही लिव्हरच्या आजारांत क्वचित अशीच रिंग दिसते. म्हणून लायप्झिगचा स्कोअर वापरतात. रिंगचे २ गुण, सेरुलोप्लाझ्मिनचे, लघवीतल्या तांब्याचे, जीनचे वेगळे, ४ झाले की निदान पक्कं. नुसत्या डोळ्यावर पास होत नाही कोणी.

अण्णा_मिरजकर

आमच्या आजोबांपासून तांब्याच्या हंड्यातलं पाणी पितोय, ८१ चालू आहे, चष्मा सोडला तर काही नाही. आता तांबं वाईट म्हणायला लागलात? पूर्वजांनी काय वेड्यासारखं केलं का.

निवृत्त_बालरोग

अण्णा, तुमचं लिव्हर तांबं बाहेर टाकतंय, तुम्ही खुशाल प्या. या मुलाचं टाकत नाही. एवढाच फरक.

पण विषय काढलात म्हणून पुण्याची गोष्ट सांगतो, थोडं अवांतर आहे. मी शिकत होतो तेव्हा वॉर्डात वर्ष-दोन वर्षांची पोटं फुगलेली बाळं असायची, लिव्हर दगडासारखं, नाव इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस. बहुतेक जायची. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले भावे, पंडित आणि इंग्लंडहून आलेले टॅनर यांनी त्यावर काम केलं, १९८३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. बाळाला वरचं दूध लवकर सुरू केलेलं आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं, असं त्यांना दिसलं. लिव्हरमध्ये तांबं प्रचंड. भांड्याला कल्हई असली तर धातू दुधात उतरत नाही, पण कल्हईवाला दारावर यायचा बंद झाला आणि आईला काय कल्पना. पुढे स्टील आलं आणि तो आजार बघता बघता दिसेनासाच झाला, माझ्या हाताखालच्या मुलांनी तो फक्त पुस्तकात वाचलाय.

तो विल्सन नव्हता हे लक्षात ठेवा. त्या बाळांचं सेरुलोप्लाझ्मिन कमी नसायचं आणि डोळ्यात ही रिंगही सहसा नसायची. तेच तांबं, तेच लिव्हर, आणि डोळा स्वच्छ.

अण्णा_मिरजकर

हे माहीत नव्हतं. आमच्या धाकट्या चुलत भावाला असंच पोट फुगून गेलेला ऐकून आहे, ५८-५९ साल असेल. आजी दृष्ट लागली म्हणायची. पितळी पातेलं होतं खरं घरात.

लेकीचाबाप

धागा वाचून राहवलं नाही. आमची गोष्ट डोळ्याच्या उलट टोकाची आहे. मुलगी ११ वर्षांची, कावीळ झाली म्हणून घरच्यांनी आठ दिवस झाडपाल्याचं औषध दिलं (मीही त्यात होतो, लपवत नाही), नवव्या दिवशी ती झोपेतून नीट उठेना. मुंबईला नेलं. रक्तातल्या लाल पेशी फुटत होत्या, लिव्हर फेल. डोळ्याच्या डॉक्टरांना आयसीयूत बोलावलं, हातातल्या छोट्या स्लिट लॅम्पने बघितलं, रिंग नाही. मी मनात म्हटलं सुटलो, विल्सन नाही. सुटलो कसले. बाकी रिपोर्टवरून तोच निघाला आणि लिव्हर ट्रान्सप्लांट करावं लागलं, मीच दिलं. मी कॅरियर आहे, म्हणजे माझं एकच जीन बिघडलेलं, तरी चालतं म्हणाले, एक चांगलं जीन असलं की लिव्हर काम करतं. आज ती १६ ची आहे, तिला तांबं काढायची गोळी नाही, फक्त ट्रान्सप्लांटची औषधं.

तेव्हा निवृत्त डॉक्टर म्हणतात ते अधोरेखित करा, रिंग नाही म्हणून गाफील राहू नका.

आणि कृष्णाकाठची ताई, एक विचारू का, राग मानू नका. तुम्ही स्वतः तपासून घेतलंत का?

सुशांत_७८

लेकीचाबाप, सलाम. वरची कॉमेंट जरा तोऱ्यात लिहिली मी.

जुई_डोंबिवली

माझ्या नवऱ्याला आहे विल्सन, सात वर्षं झाली. सुरुवातीला डॉक्टरांनी त्याचा मागच्या पडद्याचा पण ओसीटी काढला होता, रेटिनाचा. म्हणाले मेंदूवर परिणाम झालेल्या पेशंटमध्ये डोळ्याच्या मज्जातंतूंचा थर थोडा पातळ झालेला दिसतो, पण त्यावरून औषध ठरत नाही, अभ्यास चालू आहेत. आम्ही परत नाही काढला. तुम्हाला कोणी सुचवलं तर कुठला ओसीटी ते विचारून घ्या, पुढचा की मागचा, दोन्हीला ओसीटीच म्हणतात आणि रिसेप्शनवर गोंधळ होतो, आमचा झाला होता, अर्धा तास थेंब टाकून बसवलं आणि मग म्हणे तुमचा पुढचा आहे याला थेंबांची गरज नव्हती.

अजून एक, त्याच्या डोळ्याच्या भिंगात सूर्यफुलासारखा मोतीबिंदू पण होता, मधे गोल आणि बाजूला पाकळ्या, सनफ्लॉवर कॅटॅरॅक्टच म्हणतात त्याला. मी ऐकून रडले होते. पण त्याने नजर जात नाही आणि ऑपरेशन लागत नाही, औषधानेच विरळ होत गेला. रिंगनेही नजर जात नाही. ती नुसती खूण आहे, आजार आत आहे.

खाण्याचं विचारलं नाहीत पण सांगते, लिव्हर, तिसऱ्या, कालवं, काजू, चॉकलेट, मशरूम पहिलं वर्षभर पूर्ण बंद. सासर रत्नागिरीचं, कालवं बंद म्हणजे काय ते सासूबाईंना विचारा. आणि शेंगदाण्याचं कूट! कुठल्या भाजीत कूट नाही आपल्या. डॉक्टर म्हणाले थोडं चालेल, ते थोडं म्हणजे किती यावर घरात भांडणं. पथ्याने आजार बरा होत नाही, गोळ्याच मुख्य, पथ्य नुसती मदत.

चष्मेवाला_सांगली

जुईताई, "खूण" हा शब्द आवडला. पेशंटना रिंगचं भय वाटतं म्हणून लेझरने काढता येईल का विचारतात. नाही येत, आणि काढायचीही नसते.

साठीच्या पुढच्यांना एक सूचना, आरशात बुबुळाच्या कडेला पांढरट-राखाडी कडं दिसलं तर लगेच विल्सन समजू नका, वयाने येतं ते, आर्कस म्हणतात. ते पांढरं असतं आणि बुबुळाच्या अगदी कडेपासून थोडी मोकळी जागा सोडून असतं, आणि कॉर्नियाच्या मधल्या थरात. विल्सनची रिंग कडेला चिकटून, सगळ्यात आत. ओसीटीवर तर दोघांत सहसा घोटाळा होत नाही, थरच वेगळा. मागच्या महिन्यात एक काका मोबाईलची बॅटरी डोळ्यात मारून सेल्फी काढून आले होते.

अण्णा_मिरजकर

तो मी नव्हतो.

कृष्णाकाठची

दोन दिवस आले नाही, माफ करा. लेकीचाबाप यांचा प्रश्न वाचला आणि फोन ठेवून दिला.

नाही तपासलं. तीन वर्षांत डॉक्टरांनी प्रत्येक व्हिजिटला सांगितलं, सख्ख्या भावंडांत चारात एक शक्यता असते, तुझं करून घे. मी हो हो म्हणायचे. भावाची फाईल, भावाच्या गोळ्या, चोवीस तासांची लघवी जमवायचा डबा (तो फ्रीजमध्ये ठेवायचा यावरून आईशी किती वेळा वाजलंय), सगळं मी बघते, मग माझं राहून गेलं असं म्हणत होते. खरं तर भीती. माझं लग्न ठरायचंय. रिपोर्ट हातात आला की सांगावा लागणार.

लेकीचाबाप

ताई, आमच्या धाकट्याचं केलं तेव्हा हात कापत होता माझा. तो ७ वर्षांचा होता, काहीही लक्षण नाही, आणि त्याच्यातही निघाला. लक्षणं यायच्या आधी निघाला म्हणून तो आज झिंकच्या गोळ्यांवर आहे, दिवसातून तीन वेळा, शाळेत क्रिकेट खेळतो, बास. त्याच्या डोळ्यात काही नाही, कधी येणारही नाही बहुतेक. मोठीच्या वेळी कोणी सांगणारं असतं तर तिचं पोट फाडावं लागलं नसतं.

निवृत्त_बालरोग

मुली, भावाची जीन टेस्ट झाली असेल तर त्यात कुठले बदल सापडले ते लिहिलेलं असतं. तुझ्यात फक्त तेवढे दोनच शोधायचे, पूर्ण टेस्टपेक्षा सोपं आणि स्वस्त पडतं. सोबत स्लिट लॅम्प, सेरुलोप्लाझ्मिन, लिव्हरच्या टेस्ट, लघवीतलं तांबं. एक आधीच सांगतो, सेरुलोप्लाझ्मिन थोडं कमी आलं तर घाबरू नकोस, काही कॅरियरमध्येही ते थोडं कमी असतं आणि कॅरियर आजारी नसतात, त्यांना औषध लागत नाही. म्हणून जीनची टेस्ट महत्त्वाची.

आणि लग्नाचं, उद्या सांगावं लागलंच तर हातात कागद असलेलं बरं. नसताना लोक वाट्टेल ते बोलतात.

सुशांत_७८

ताई, भावाने गोळ्या परत चालू केल्या का?

कृष्णाकाठची

हो, तिसऱ्याच दिवशी. चष्मेवाल्यांचं वाचून मी तीन वर्षांपूर्वीचा मोबाईलवरचा फोटो आणि आताचा ओसीटी शेजारी ठेवला आणि त्याला म्हटलं, बघ, इथे पूर्ण बांगडी होती, आता वर नुसती चंद्रकोर उरलीय. तो बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला हे मला कोणी दाखवलंच नाही, सगळे नुसतं सांगतात सुधारणा आहे सुधारणा आहे. त्याचं बरोबर आहे. लघवीतल्या तांब्याचा आकडा वर गेला तर चांगलं की खाली गेला तर चांगलं हे मलाच अजून गडबडून टाकतं.

निवृत्त_बालरोग

गडबड होणारच. पेनिसिलामाइन चालू असताना लघवीत तांबं जास्त दिसतं कारण औषध ते खेचून बाहेर काढतं, नियमित घेणाऱ्यात साधारण २०० ते ५०० मायक्रोग्रॅम दिवसाला. फारच कमी आलं तर एकतर साठा संपत आलाय किंवा पोरगा गोळ्या चुकवतोय, आणि दुसरंच जास्त वेळा असतं. तिथे डोळा उपयोगी पडतो. गेलेली रिंग परत उमटली तर गोळ्या बंद आहेत असं समजायचं, पेशंट काही का सांगेना.

मात्र रिंग किती लवकर जाते यावरून तब्येत किती सुधारली ते मोजू नका. काहींची वर्षानुवर्षं राहते आणि माणूस ठणठणीत असतो. वर्षातून एकदा डोळे दाखवा, ओसीटी सोयीने, एकाच मशीनवर. दर तीन महिन्यांनी काढायचं काम नाही, एवढ्यापुरता मी सुशांतच्या बाजूने.

जुई_डोंबिवली

आमच्याकडे हेच झालं होतं. तिसऱ्या वर्षी तो म्हणायचा घेतो घेतो, आणि खिशात गोळ्या सापडल्या धुताना. डोळ्याच्या डॉक्टरांनी विचारलं औषध चालू आहे का, खालच्या बाजूला परत दिसतंय थोडं. तो खाली मान घालून बसला. घरी येईपर्यंत लोकलमध्ये एक शब्द बोललो नाही दोघं.

कृष्णाकाठची

(पाच आठवड्यांनी) धागा वर काढतेय.

माझं झालं सगळं. त्याच मॅडमकडे गेले, त्याच स्टुलावर बसले, हनुवटी टेकवली. त्या वर बघ खाली बघ म्हणत होत्या आणि मी फक्त त्या गप्प होतायत का ते ऐकत होते. गप्प झाल्या नाहीत, पूर्ण वेळ फराळाच्या चिवड्याबद्दल बोलत होत्या, मुद्दाम असणार. डोळा स्वच्छ. ओसीटी उभा काढायला मीच सांगितलं, टेक्निशियनने विचारलं तुम्ही या लाईनमध्ये आहात का :) तोही स्वच्छ. सेरुलोप्लाझ्मिन १८ आलं तेव्हा दोन रात्री झोप नाही, निवृत्त डॉक्टरांची कॉमेंट दहा वेळा उघडून वाचली. काल जीनचा रिपोर्ट आला. भावाच्या दोन्ही जीनमध्ये एकच बदल आहे, तो माझ्यात एकाच बाजूला आहे. कॅरियर.

आईला सांगितलं तर तिने आधी विचारलं म्हणजे नात्यातला नको ना आता. मी म्हटलं नको. ती म्हणाली बरं, आणि कूट भाजायला उठली.

भावाला पुढच्या दिवाळीत परत त्याच मशीनवर नेणार आहे. त्याने चंद्रकोरीचा तो फोटो मोबाईलच्या स्क्रीनवर लावलाय, दुकानात येणारे विचारतात हा कुठला ग्रह.

चष्मेवाला_सांगली

उभाच काढा.